दोन हजार आरपीएमचा आवाज

"ताई, सप्रेम नमस्कार. भोसरी एमआयडीसीत मी आणि माझा मोठा चुलत भाऊ, म्हणजे आमचा दादा, मिळून जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग बनवून द्यायचं युनिट चालवतो. संगणकावर चालणारी पाच-सहा सीएनसी मशिनं, एक व्हीएमसी मिलिंग मशिन, अकरा माणसं. माझे वडील गावी किराणा दुकान चालवायचे. गळ्यात माळ, आणि तोंडात एकच वाक्य : मापात पाप नको. मी त्यातच वाढलो.

गेल्या महिन्यात चाकणच्या एका कंपनीत बुश नावाच्या नळीसारख्या सुट्या भागाच्या रेटसाठी बसलो होतो. महिन्याला ८,००० पीस, सायकल टाइम, म्हणजे एका पीसला लागणारा वेळ, तीन मिनिटं. आमचं कोटेशन पीसमागे २१ रुपयांचं. परचेसवाल्याने विचारलं, 'मशिन रिकामं आहे ना?' दादा म्हणाला, 'छे, लोड फुल आहे. तुमच्यासाठी जागा काढू.' साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'तसं एक मशिन दोन महिने उभंच आहे.' रेट १८.५० ला तुटला. तेव्हापासून दादा माझ्याशी धड बोलत नाही. म्हणतो, तुझा खरेपणा अकरा घरांच्या चुलीवर पाणी ओततोय. लॉकडाऊनमध्ये वहिनीचे दागिने गहाण ठेवून त्याने सगळ्यांचे पगार केले होते, हे मला मान्य आहे.

आता दुसरा पेच. दहा वर्षं जुनं टर्निंग सेंटर, म्हणजे सीएनसी लेथ, विकायचंय. घेणारा खेडचा पोरगा, पतसंस्थेचं कर्ज काढून पहिलंच मशिन घेतोय. साडेसहा लाखांवर बोलणं आलंय. स्पिंडलचं, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं, बेअरिंग गेलंय, २,००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर घरघर येते. दुरुस्तीला ८० हजार सांगितलेत. दादा म्हणतो, शनिवारी डेमोला ८०० वरच चालवू, त्याने विचारलं तर बघू. तो पोरगा फोनवर म्हणाला, 'काही असेल तर तुम्ही सांगालच की.' चाकणची कंपनी आम्हाला ९० दिवसांनी पैसे देते, आमच्या पीसवर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगवाल्याची बिलं चार महिने थकलीत, त्यामुळे पैशाची गरज आहेच. चूक कोण, मी की दादा? धंद्यात खोटं बोलावंच लागतं का?"

आधी शनिवारचं बोलू, कारण त्याला मुदत आहे.

तुमच्यासारखाच प्रश्न आपल्या देशात दीडशे वर्षांपूर्वी कायद्यात लिहून ठेवलेला आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यातल्या १७ व्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते सांगितलंय, आणि समजावून देताना उदाहरण घेतलंय घोड्याचं. एक जण लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नाही. दादाला हे वाचून आनंद होईल. पण उदाहरण तिथे संपत नाही. घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा जर म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा चांगला आहे असं मी धरतो', आणि विकणारा त्यावर गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्याइतकंच धरलं जातं.

आता त्या पोराचं फोनवरचं वाक्य पुन्हा वाचा. 'काही असेल तर तुम्ही सांगालच की.' घोड्याच्या उदाहरणातलं वाक्य आणि हे वाक्य यांत मला काही फरक दिसत नाही.

शिवाय दादाचा बेत गप्प बसण्याचा नाहीच. २,००० वर आवाज येतो हे माहीत असताना मुद्दाम ८०० वर मशिन चालवून दाखवणं म्हणजे खोट झाकणं. त्याच कलमात माहीत असलेली गोष्ट प्रयत्नपूर्वक लपवणं हे फसवणुकीत स्वतंत्रपणे मोजलंय. 'त्याने तपासून घ्यायला हवं होतं' हा बचाव कायद्यात थोडाफार चालतो, पण तपासायची वाटच आपण बंद केली तर तो लंगडा पडतो. असा सौदा नंतर मोडायचा हक्क घेणाऱ्याला मिळतो.

कायद्याचं इतकं सांगितलं ते दादासाठी, कारण त्याला ते पटायची शक्यता जास्त. तुम्हाला मी वेगळंच सांगेन. पहिलं मशिन घेतलेला माणूस मी जवळून पाहिलाय. पहिले सहा महिने तो रात्री शेडमध्येच झोपतो. पीसवर चॅटर, म्हणजे थरथरीचे व्रण, आला की आधी टूलला दोष देतो, मग मटेरिअलला, मग स्वतःच्या हाताला. स्पिंडलकडे त्याचं लक्ष सगळ्यात शेवटी जातं, कारण मशिन त्याने भरवशाच्या माणसाकडून घेतलेलं असतं. तोवर दोन लॉट रिजेक्ट होतात आणि पतसंस्थेचे हप्ते तटतात.

म्हणून शनिवारी त्याला दोन आकडे द्या. बेअरिंग बदलून, डायल गेज लावून रनआऊट, म्हणजे स्पिंडल फिरताना किती हलतो ते, दाखवून साडेसहा लाख. किंवा आहे त्या स्थितीत पाच सत्तर, आणि कागदावर स्पष्ट लिहून : २,००० आरपीएमच्या वर स्पिंडलला आवाज, दुरुस्तीचा अंदाज ८० हजार. यात तुम्ही दान करत नाही. मशिनची आजची किंमतच ती आहे. त्याचं काम कमी स्पीडचं असेल, ओळखीचा स्पिंडलवाला असेल, तर तो पाच सत्तरला आनंदाने नेईल. घासाघीस तिथून पुढे खुशाल करा.

आता चाकणच्या मीटिंगकडे येते. इथे मात्र मी पूर्णपणे तुमच्या बाजूने नाही.

दादा खोटं बोलला. 'लोड फुल आहे' हे वाक्य खरं नव्हतं आणि ते मी गोड करून सांगणार नाही. पण रेट तुटला तो तुमच्या खरेपणामुळे नाही. तुम्हाला न विचारलेलंही तुम्ही सांगितलंत. प्रश्न मशिन रिकामं आहे का एवढाच होता, उत्तरात दोन महिन्यांचा हिशेब गेला. खोटं न बोलणं आणि सगळं उघडं करणं या दोन गोष्टी आहेत, आणि किराणा दुकानात वाढलेल्या माणसाला हे कळायला हवं. तुमच्या वडिलांनी माप कधी मारलं नाही. पण गुळाची ढेप आपल्याला काय भावाने पडली हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत बसले होते का?

'मशिनचं लोडिंग आम्ही सांगत नाही साहेब. तुमचा माल तुमच्या तारखेला पोहोचेल, ते लेखी देतो.' या उत्तरात एक अक्षर खोटं नाही. पुढचा प्रश्न येईल, 'शेवटचं किती?' त्यालाही उत्तर आहे : 'आमचा रेट २१. खाली यायचं तर मला त्या बदल्यात काय मिळतंय ते सांगा.' मनातला शेवटचा आकडा ही आपली खासगी गोष्ट. भाजीच्या पाटीपासून प्लांटच्या सौद्यापर्यंत 'एवढंच परवडतं' या बोलण्याला दोन्ही बाजू शपथेसारखं धरत नाहीत. अमेरिकेतल्या वकिलांच्या आचारसंहितेनेही ही रेघ अशीच ओढली आहे. वाटाघाटीत किमतीचा अंदाज किंवा कशाला तयार आहोत याबद्दलची विधानं ही साधारणपणे वस्तुस्थितीची विधानं धरली जात नाहीत. मशिन रिकामं आहे की नाही, दुसऱ्याचं कोटेशन हातात आहे की नाही, बेअरिंग गेलंय की नाही, ही वस्तुस्थिती. तिथे एक तर खरं बोला, नाही तर सांगत नाही असं तोंडावर म्हणा.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही : तुमचा मशिन-तासाचा खर्च. तीन मिनिटांच्या सायकलला तासाला २० पीस. १८.५० ने ३७० रुपये तास, २१ ने ४२०. ८,००० पीस म्हणजे ४०० तास, म्हणजे २५ दिवस दोन शिफ्टमध्ये एक मशिन भरलं. तुमचा खर्च तासाला ३४० असेल, तर उभं असलेलं मशिन महिन्याला १२ हजार देऊ लागलं आणि दादाचा राग थोडा अवास्तव आहे. ३९० असेल, तर आठ हजारांचं नुकसान दर महिन्याला सही करून आणलंत. हा आकडा खिशात असता तर दादाला खोट्याचा आधार घ्यावा लागला नसता आणि तुम्हालाही घाबरून मोकळं व्हावं लागलं नसतं. ज्याला कुठल्या आकड्याला टेबलावरून उठायचं ते माहीत नसतं, त्याच्याच तोंडून नको ते निघतं, खरं असो की खोटं.

आता दादा. तुम्ही विचारता, चूक कोण? पत्रात दादा तुम्हाला खोटारडा दिसतो. मला दागिने गहाण ठेवणारा माणूस दिसला. त्याच्याकडे मूल्यं नाहीत असं नाही. त्याचं मूल्य 'आपली माणसं उपाशी राहता कामा नयेत' हे आहे, आणि ते तो जिवावर उदार होऊन पाळतो. तुमचं मूल्य 'तोंडातून खोटं जाता कामा नये'. टेबलावर बसल्यावर दोघांना एकच प्रसंग दोन वेगळे दिसतात. तुम्हाला दिसतो शब्द, त्याला दिसतात अकरा डबे. सौद्यात बरं-वाईट ठरवताना माणूस पुस्तक उघडत नाही. लहानपणी घरात जे सगळ्यात जास्त वेळा ऐकलं, त्यानेच तो मोजतो.

हे मी अनुभवातून सांगते. वीस वर्षं मी एका कंपनीच्या परचेस खात्यात होते, तुमच्या समोर बसतो त्या खुर्चीत. दारावरच्या भाजीवालीला मी कधी 'कोपऱ्यावर स्वस्त मिळते' असं खोटं सांगितलं नाही, ते माझ्या रक्तातच नव्हतं. आणि त्याच मी सप्लायरसमोर बंद फाइलवर हात ठेवून सांगायचे, 'दुसऱ्याचा रेट तुमच्यापेक्षा दोन रुपयांनी कमी आहे.' फाइलमध्ये दुसरं कोटेशन नसायचं. मला ते खोटं वाटतच नव्हतं. मी ते कंपनीसाठी करत होते, माझ्या खिशात त्यातला पैसा येत नव्हता, आणि निष्ठा हे माझ्या घरचं सगळ्यात मोठं मूल्य.

साताऱ्याचे एक वयस्कर सप्लायर होते. एकदा ते त्या फाइलकडे बराच वेळ बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि 'बरं' म्हणाले. रेट मिळाला. सहा-सात महिन्यांनी त्यांच्या मालात मापाबाहेरचे पीस येऊ लागले. मी ऑडिटला गेले तर तपासणीच्या टेबलावर कोणी नव्हतं. तिथे दोन मुली गेज घेऊन बसायच्या. 'दोन रुपयांत त्यांचा पगार होता, मॅडम,' एवढंच ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्या रिकाम्या टेबलावर पीस मापात आहे की नाही ते दाखवणारं गो-नो-गो गेज तसंच ठेवलेलं होतं, वर धूळ. मला ते आजही दिसतं. त्यानंतर बंद फाइलवर मी हात ठेवला नाही, पण त्या दोघी काही परत कामावर आल्या नाहीत.

म्हणून तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी थांबले. ती तुम्ही जाता जाता लिहिलीय. 'प्लेटिंगवाल्याची बिलं चार महिने थकलीत.'

खोटं बोलल्याचा सल तुम्हाला झोपू देत नाही, पण हे तुम्ही हवापाण्यासारखं लिहून गेलात. कारण यात कुणी खोटं बोललेलं नाही. तुमच्या घरी मापाचं शिकवलं, ते शब्दापुरतं तुमच्या अंगी भिनलं. पण पैसे चार महिने अडवून ठेवणं हेही मापच मारणं आहे. माझ्या ओळखीचा एक झिंक प्लेटिंगवाला केमिकल रोखीने आणायचा आणि बिलाचे पैसे मागायला गेला की गेटवर तासभर उभा राहायचा. ॲसिडने त्याची नखं पिवळी पडली होती. परचेसवाल्याने तुम्हाला ९० दिवस थांबवलं तर तो अन्याय, तुम्ही त्याला १२० दिवस थांबवलं तर ती अडचण! तुमचं मूल्य जिथे उजेड पाडतं तिथे तुम्ही फार बारीक बघता, त्याच्या बाहेर अंधार आहे. दादाचंही तसंच. 'आपली माणसं' या त्याच्या वर्तुळात अकरा जण आहेत, खेडचा पोरगा नाही.

याचं व्यवहारातलं बोलू. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशा सूक्ष्म-लघु उत्पादकाचं किंवा सेवा देणाऱ्याचं बिल मुदतीत दिलं नाही आणि मार्चअखेर थकलेलंच राहिलं, तर त्या वर्षीच्या करात ते खर्च म्हणून धरता येत नाही. पैसे प्रत्यक्ष देऊ त्या वर्षीच धरता येतं. हा नियम तुमच्या चाकणच्या कंपनीला लागतो, तसा प्लेटिंगवाल्याच्या बाबतीत तुम्हालाही लागतो. त्याची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) आहे का विचारा, तुमचीही जागेवर आहे का बघा, आणि सीएला एक फोन करा.

पुढच्या वाटाघाटीत हेच तुमचं हत्यार आहे, आणि ते पूर्ण खरं आहे. १८.५० ने महिन्याचं बिल १,४८,००० रुपये. ९० चे ४५ दिवस झाले तर साधारण २,२२,००० रुपये कायमचे मोकळे होतात. वर्षाला १२ टक्के धरले तर पीसमागे २८ पैसे. रेट वाढवायला परचेसवाल्याला वर चार सह्या लागतात. पैशाची मुदत कमी करायला त्याच्या कंपनीला आता स्वतःचंच कारण आहे. 'रेट राहू दे साहेब, ४५ दिवसांवर या, कायदाही तेच म्हणतोय' हे तुम्ही नजर न चुकवता बोलू शकता. मी त्या खुर्चीत असते तर यावर नकार देणं मला जड गेलं असतं. आणि ते पैसे आले की पहिला धनादेश प्लेटिंगवाल्याचा. दुसऱ्याचं माप मागताना आपलं आधी पूर्ण भरलेलं असावं लागतं, नाहीतर आवाजात तो जोर येत नाही.

दादाशी बोलायला गुरुवार निवडा. एमआयडीसीला सुट्टी, शेजारच्या शेडचा प्रेस बंद, माणसं नाहीत. 'तू खोटं का बोललास' इथून सुरुवात करू नका. त्याला आधी सांगा की मीटिंगमध्ये तुम्ही बोलायला नको होतं ते बोललात. ते खरंच आहे आणि ते त्याने तुमच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही. दागिन्यांचं तुम्ही मला लिहिलंत, त्याला कधी बोललात का? मग दोघांनी मिळून मशिन-तासाचा खर्च काढा : वीज, ऑपरेटर, इन्सर्ट (टूलची बदलायची पाती), हप्ता, भाडं, एक एक ओळ. यापुढे टेबलावर कुठल्या प्रश्नाला 'सांगत नाही' म्हणायचं, तेही तिथेच ठरवा. म्हणजे आयत्या वेळी एकाने थाप मारायची आणि दुसऱ्याने उघडी पाडायची, असं होणार नाही.

खेडच्या पोराचा विषय सगळ्यात शेवटी काढा, आणि वाद घालून नको. मशिन चालू करा. आधी ८०० वर, मग १,२००, १,५००. २,००० ओलांडलं की हात कंट्रोल पॅनलवरून काढा आणि काही बोलू नका. आवाज दादालाच ऐकू दे. तोही कधीतरी पहिलं मशिन घ्यायला कुणाच्या तरी शेडमध्ये गेला असेल. त्या दिवसाबद्दल त्याला विचारा.